रोवणी बारमाही नसते

आषाढ लागला की गोंदिया जिल्ह्यातील बांध्या पाण्याने भरतात आणि धानाच्या रोवणीला वेग येतो. पहाटे चुलीवर भात शिजवून, लहानग्यांना आजीच्या हवाली करून बायका शेताची वाट धरतात. दिवसभर चिखलात वाकून पऱ्ह्यांच्या जुड्या सोडवायच्या आणि एकेक रोप रोवत मागे सरकायचे, हे काम अंग मोडून काढणारे असते. त्या दिवसांत घरी स्वयंपाक धड होत नाही, मुलांच्या अभ्यासाकडे कुणी पाहत नाही, पाहुण्याला कुणी बोलावत नाही. तरीही रोवणीने घर मोडले, नवरा-बायकोत दुरावा आला, मुले पोरकी झाली, अशी तक्रार झाडीपट्टीत कधी ऐकू येत नाही.

याचे कारण साधे आहे. रोवणी कधी संपणार हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. त्या कामात घरातील प्रत्येकाचा वाटा असतो. चिखलणी करणारा, पऱ्हे उपटणारा, रोवणारी आणि घरी मुले सांभाळणारी म्हातारी, कुणीही मोकळे बसलेले नसते. आणि हलके धान घरात येण्याच्या सुमारास दिवाळी होते, तिच्यापाठोपाठ गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, दंडार होते, रात्रभर नाटक रंगते आणि राबलेल्या घराला त्याच्या कष्टाचा आनंद सर्वांसमवेत भोगता येतो. शेवट, वाटणी आणि मंडई या तीन गोष्टी असल्या, तर कष्ट कितीही असोत, कुटुंब ते पेलते.

नोकरीतील महत्त्वाकांक्षा आणि घरातील सुख यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नावर हल्ली शहरांत शिबिरे होतात, व्याख्याने झडतात. त्यांतून बाहेर पडणारा उपदेश बहुधा वेळेच्या नियोजनापाशी येऊन थांबतो. परंतु प्रश्न केवळ घड्याळाचा नाही. आजच्या नोकरीने बारा महिने रोवणीचे केले आहेत, त्या रोवणीतील घरचा भार एकटीच्या माथी टाकला आहे आणि मंडईचा दिवस मात्र पंचांगातून पुसून टाकला आहे. खरे दुखणे हे आहे.

फलाटावर दिसणारा जिल्हा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुक्यांचा हा जिल्हा धान, तेंदूपत्ता आणि तलावांचा म्हणून ओळखला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार होती, साक्षरता जवळजवळ ८५ टक्के होती आणि दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. मुलींना जन्म घेऊ देणारा, त्यांना शाळेत पाठविणारा असा हा समाज आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. पण शिकलेल्या मुला-मुलींच्या आकांक्षांना पुरेल एवढे काम जिल्ह्यात नाही, हेही तेवढेच खरे.

म्हणूनच गोंदियाचा रेल्वे फलाट हा या विषयाचा खरा आरसा ठरतो. येथून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, पुणे असा राज्याचा आडवा छेद घेत तेराशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून कोल्हापूरला पोहोचते. विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला जाते. दिवाळी आणि मंडई आटोपल्यानंतरच्या आठवड्यात या गाड्यांपाशी उभे राहावे. पुण्याच्या संगणक कंपनीत नोकरी करणारा मुलगा, मुंबईत परिचारिका असलेली मुलगी, त्यांच्या हाती चिवड्याचे डबे आणि नव्या तांदळाच्या पिशव्या देणारे आई-वडील, आणि गाडी हलली की रुमालाने डोळे टिपणारा, एरवी कधीही न रडणारा एखादा निवृत्त गुरुजी. या मुलांनी गाव सोडले याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. घराने पोटाला चिमटा काढून त्यांना शिकविले, ते याच गाडीत बसण्यासाठी.

याच फलाटावर उलट दिशेने येणारी माणसेही उतरतात. शासकीय नोकरीतील बदली होऊन येथे येणारे अनेक जण गोंदियाकडे शिक्षा म्हणून पाहतात. देवरी, सालेकसा या भागांतील सशस्त्र दूरक्षेत्रांत नेमणूक झालेला पोलीस जवान वर्षानुवर्षे आपल्या मुलांचे वाढदिवस दूरध्वनीवरूनच साजरे करीत आला. पत्नी एका जिल्हा परिषदेत शिक्षिका आणि पती दुसऱ्या जिल्ह्यात, असे संसार तर महाराष्ट्रभर विखुरलेले आहेत. मुलगा आईकडे, मुलगी आजोळी आणि वडील भाड्याच्या खोलीत. पगार दोन, चुली तीन.

तिसरा वर्ग येथेच राहून दूर असणाऱ्यांचा. गोंदिया हे मोठे जंक्शन. रेल्वेगाडी चालविणाऱ्याच्या घरी दिवस आणि रात्र यांना अर्थ नसतो; पहाटे तीनला घरी आलेला बाप दिवसा झोपतो आणि मुलांना हळू बोलायला शिकविले जाते. तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प रात्रंदिवस चालतो, म्हणून तेथील माणसांची घरेही पाळ्यांवर चालतात. २०१६ साली गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील डॉक्टर आणि परिचारिकांची रात्रपाळी हीच अनेकांच्या जिवाची हमी आहे. ही सर्व कामे समाजाला हवी आहेत. ती करणाऱ्यांच्या घराची काळजी मात्र समाजाने त्यांच्यावरच सोडून दिली आहे.

आणि ज्यांच्या वाट्याला महत्त्वाकांक्षा हा शब्दही आलेला नाही, त्यांना वगळून हा विषय पुरा होऊ शकत नाही. या जिल्ह्यात एके काळी घरोघरी विडी वळली जाई. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी झोळीत लेकरू आणि पुढ्यात मोजून द्यायची हजार विडी, अशी कितीतरी आयांची उभी हयात गेली. काम घरी असले म्हणजे घराला वेळ मिळतो, हा समज किती फोल आहे हे त्या आयांनी आज घरून संगणकावर काम करणाऱ्यांच्या कितीतरी आधी अनुभवले होते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामाला अख्खे कुटुंब जंगलात जाते. हंगाम सरला की कित्येक जण बांधकामावर नागपूर-हैदराबादकडे निघतात. त्यांच्यासाठी घर आणि काम यांचा मेळ हा छंद नव्हे, जगण्याचाच पेच आहे.

तासांचा अभिमान कशासाठी?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशाच्या प्रगतीसाठी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तास कामाविषयीचे उद्गार गाजले. या विधानांमागील कळकळ खोटी मानण्याचे कारण नाही. राष्ट्र कष्टानेच उभे राहते. युद्धात भस्मसात झालेले जपान श्रमाच्या बळावर पुन्हा उभे राहिले, हे उदाहरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले.

परंतु त्याच जपानला पुढे अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी ‘करोशी’ हा स्वतंत्र शब्द वापरावा लागला, ही त्या उदाहरणाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. असे मृत्यू टाळण्यासाठी २०१४ साली तेथे कायदा झाला आणि २०१९ पासून जादा कामावर सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ तासांची मर्यादा घालण्यात आली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामाशी निगडित मृत्यूंची संख्या जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार होती. २०२४ साली पुण्यात नोकरीला लागलेल्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. पहिलीच नोकरी, जेमतेम काही महिने झालेले, आणि घरी परत आले ते लेकीचे पार्थिव. त्या आईला कोणत्या विकासदराचा आकडा दाखवावा?

९० तासांच्या गणितात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि तिचा उच्चार मात्र होत नाही. जो माणूस आठवड्यातील सातही दिवस तेरा-तेरा तास कामावर असेल, त्याला जेवण कोण वाढणार? त्याच्या मुलाला ताप आला तर रात्र कोण जागविणार? त्याच्या वडिलांना दवाखान्यात कोण नेणार? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाने ते आकड्यांत मांडले. स्वतःच्या घरातील बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे एकीकडे जवळजवळ पाच तास आणि दुसरीकडे दीड तासही नाही. पुरुषाच्या महत्त्वाकांक्षेची किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यातून वळती होत असते. आणि ती दुसरी व्यक्तीही जेव्हा नोकरी करणारी असते, तेव्हा त्या घरात एक पाळी संपण्याआधीच दुसरी सुरू होते.

उपदेश करणाऱ्यांच्या घरी

येथे एका सोप्या उत्तराचा मोह अनेकांना होतो. स्त्रीने घर सांभाळावे, पुरुषाने बाहेरचे पाहावे, म्हणजे वादच मिटला. कुटुंबव्यवस्थेचा गौरव करणाऱ्या व्यासपीठांवरून असे सुचविले जाते, तेव्हा टाळ्याही पडतात. पण हे उत्तर आपल्याच परंपरेच्या कसोटीला उतरत नाही. भारतीय विचाराने अर्थ हा पुरुषार्थ मानला. संपत्ती, यश, कीर्ती यांची इच्छा पाप ठरविली नाही. त्याने फक्त त्या इच्छेला धर्माचे कुंपण घातले. गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानला गेला तो गृहस्थ कमावतो म्हणून तर खराच, पण तो सांभाळतो म्हणूनही. कमावणे एकाचे आणि सांभाळणे दुसरीचे, अशी त्याची फाळणी केली की गृहस्थ उरत नाही, केवळ पगारदार उरतो. सहधर्मचारिणी या शब्दात ‘सह’ पहिला आहे, हे विसरून चालणार नाही.

शिवाय झाडीपट्टीतील स्त्री घराबाहेर काम करीत नव्हती, असा काळ कधी होता? रोवणी तिची, निंदण तिचे, कापणीला ती, मोहफुले वेचायला ती, तेंदूपत्त्याची पुडकी बांधायला ती. तिच्या श्रमाला नोकरी हे नाव नव्हते आणि वेगळा पगार नव्हता, एवढाच काय तो फरक. आज तिचीच नात पदवी घेऊन बँकेत किंवा तहसील कार्यालयात बसते, तेव्हा कुटुंबव्यवस्था धोक्यात आल्याची हाकाटी करणे हा त्या आजीचाही अवमान आहे.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे, कारण तो सार्वजनिक काम करणाऱ्या प्रत्येकाच्या दाराशी येऊन ठेपतो. नोकरीतील बढतीसाठी घराकडे दुर्लक्ष करणारा माणूस स्वार्थी ठरतो. समाजकार्यासाठी तेच करणारा मात्र त्यागी म्हणविला जातो. कार्यालयातून सुटल्यावर बैठक, बैठकीनंतर भेटीगाठी, रविवारी कार्यक्रम, सुट्टीत शिबिर. अशा कार्यकर्त्याच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहा मिळतो, अपरात्री जेवणही मिळते आणि वहिनींचे कौतुक करून पाहुणे निघून जातात. वहिनींना काय हवे होते, हे विचारायचे मात्र राहून जाते. वडील गावातील शंभर मुलांना नावाने ओळखतात आणि आपला मुलगा कोणत्या तुकडीत आहे हे त्यांना आठवत नाही, हा विनोद म्हणून सांगितला जातो. त्या मुलाला तो विनोद वाटत नाही. ज्यांनी काही व्रत घेऊन संसारच मांडला नाही, त्यांची गोष्ट निराळी. ज्याने संसार मांडला, त्याने घरच्यांच्या वाट्याचा वेळ त्यांना न विचारता दान केला, तर त्या दानाचे पुण्य त्याच्या खात्यावर कसे जमा व्हावे?

थांबणे म्हणजे हरणे नव्हे

महत्त्वाकांक्षेची एक सरळ रेषा असते आणि त्या रेषेवर जो क्षणभर थांबला तो मागे पडला, ही समजूत आजच्या स्पर्धेने रुजविली. डॉ. मंगला नारळीकर यांचे आयुष्य या समजुतीला चोख उत्तर देते. १९६४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत गणितात सर्वप्रथम आल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी संशोधनाला आरंभ केला. नंतर विवाह झाला, डॉ. जयंत नारळीकर यांच्याबरोबर केंब्रिजला संसार मांडला गेला, तीन मुली झाल्या, वडीलधाऱ्यांची जबाबदारी आली. त्यांची डॉक्टरेट पूर्ण झाली ती १९८१ साली. मधली सुमारे सतरा वर्षे कुणा हिशेबनिसाने वाया गेलेली म्हणून लिहिली असती. परंतु त्यानंतर त्यांनी विद्यापीठात शिकविले, ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके लिहून मुलांच्या मनातील गणिताची भीती घालविली आणि बालभारतीच्या गणित विषयाचे कामही पाहिले. २०२३ साली त्या गेल्या, तेव्हा महाराष्ट्राने त्यांना कुणाची पत्नी म्हणून नव्हे, तर गणिताच्या अध्यापक म्हणून आठवले.

या उदाहरणातून दोन धडे घ्यावे लागतात आणि दुसरा टाळण्याकडे कल असतो. पहिला असा की, कर्तृत्वालाही ऋतू असतात. घरासाठी दिलेली वर्षे ही बुद्धीची पडीक जमीन नव्हे. दुसरा असा की, थांबण्याची पाळी दर वेळी पत्नीवरच का यावी? मंगलाताईंना घराने, संस्थांनी आणि त्यांच्या स्वतःच्या असामान्य बुद्धीने परतीची वाट मोकळी ठेवली. गोंदियातील एखाद्या शिक्षिकेला, परिचारिकेला, दुकानातील हिशेबनीस मुलीला ती वाट मोकळी असते का? पाच वर्षे घरी राहिलेल्या बाईला पुन्हा कामावर घेताना मालकाच्या कपाळावर आठी पडतेच. आणि मुलाच्या आजारपणात रजा मागणाऱ्या पुरुषाकडे त्याचे सहकारी कसे पाहतात? पत्नी घरी नाही का, हा प्रश्न ठरलेला असतो.

या बाबतीत माणसाला लाज वाटावी असा धडा याच जिल्ह्यातील बांध्यांमध्ये उभा आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो प्रामुख्याने गोंदिया आणि त्याच्या लगतच्या पट्ट्यात, आणि तोही काही डझनांत. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी ही जोडी घरटे करते. साधारणतः दोन अंडी असतात आणि महिनाभर ती उबविण्याचे काम नर आणि मादी पाळीपाळीने करतात. एक चरायला जातो तेव्हा दुसरा घरट्यावर असतो. पिल्ले बाहेर आल्यावर दोघेही त्यांना घेऊन फिरतात. आजन्म एकमेकांना न सोडणारी जोडी म्हणून लोकांना सारसाचे कौतुक वाटते आणि वाल्मीकींना शोकाकुल करणारा क्रौंच म्हणजे सारसच असावा, असे काही अभ्यासक मानतात. पण या जोडीची निष्ठा नृत्यात नाही. ती घरट्यावरील पाळीत आहे. प्रेमाचे वर्णन पुष्कळ झाले, पाळीचे अनुकरण मात्र व्हायचे आहे.

काय करता येईल?

शासनाच्या पातळीवर काहीच घडले नाही, असे म्हणता येणार नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक करण्यात आली. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेनेही या तरतुदी राखल्या. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा देऊ केली. २९ फेब्रुवारी २०२० पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. जिल्हा परिषद शिक्षकांच्या २०१७ च्या बदली धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाला विशेष स्थान मिळाले.

पण कायदा जेथे पोहोचत नाही, तेथेच बहुसंख्य लोक काम करतात. गोंदियातील भातगिरण्या, कापड दुकाने, खाजगी दवाखाने, शिकवणी वर्ग यांतील बहुतेकांकडे पन्नास माणसे नसतात. मग पाळणाघराची सक्ती कुणावर? केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्याला अपत्यजन्माच्या वेळी १५ दिवसांची रजा मिळते. दुकानात काम करणाऱ्या बापाला ती मालकाच्या मर्जीवर मिळते. येथे कायद्याची वाट पाहत न बसता गावातील जाणत्यांनी पुढे यावे. एका बाजारपेठेतील दहा दुकानदारांनी मिळून एक पाळणाघर चालविणे अशक्य नाही. निवृत्त शिक्षिका, घरी एकट्या असलेल्या आज्या गावोगावी आहेत. त्यांच्या देखरेखीखाली संध्याकाळी मुलांनी एकत्र बसावे, अभ्यास करावा, चार गोष्टी ऐकाव्यात. दूर गेलेल्या मुलांच्या आई-वडिलांकडे आठवड्यातून एकदा डोकावणारे तरुण प्रत्येक वस्तीत असावेत. एके काळी हे काम एकत्र कुटुंब करीत असे. ते कुटुंब परत येईल न येईल. पण त्याचे काम शेजाराला करता येते.

मात्र सर्वांत मोठी सुधारणा घराच्या चार भिंतींतच व्हायची आहे, आणि तेथे रोवणीचे तीन नियम पुरेसे आहेत.

पहिला नियम शेवटाचा. परीक्षा, नवा प्रकल्प, बढती, नवा व्यवसाय यांसाठी घराने काही काळ कळ सोसावी, यात वावगे काही नाही. पण तो काळ घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावा, त्याची अखेर ठरवावी आणि ती पाळावी. स्पर्धा परीक्षेसाठी एक वर्ष, हे समजू शकते. सात वर्षे एक-एक वर्ष म्हणत जाणे, ही रोवणी नव्हे.

दुसरा वाटणीचा. कोण किती कमावतो यावरून कोण किती राबणार हे ठरू नये. मुलाने भात लावावा, मुलीने बँकेचा व्यवहार शिकावा, वडिलांनी पालकसभेला जावे. ज्या घरात मुलगा आपल्या बापाला भांडी घासताना पाहतो, त्या घरातील सुनेला समतेवरील व्याख्यानाची गरज भासत नाही.

तिसरा मंडईचा. दिवसातील एक जेवण सर्वांनी एकत्र करावे आणि त्या वेळी भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत राहावा. आठवड्यातील एक संध्याकाळ कुणालाही, कोणत्याही कामासाठी देऊ नये, बैठकीसाठीही नाही. आणि वर्षातून एकदा तरी सर्वांनी आपल्या गावी, आपल्या माणसांत जावे. रजा उरली म्हणून नव्हे, तर रजा त्यासाठीच असते म्हणून.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. स्पर्धेच्या जगात असे नियम पाळणारा मागे पडणार नाही का? पडेल, काही वेळा निश्चितच पडेल. एखादी बढती वर्षभर उशिरा येईल, एखादे परदेशगमन दुसऱ्याला मिळेल. ही किंमत नाकारून संतुलनाचा उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रश्न एवढाच की, दुसऱ्या बाजूची किंमत आपण कधी मोजली आहे काय? बढतीचे पत्र वर्षभर थांबू शकते. मुलाचे सातवे वर्ष थांबत नाही, आणि वडिलांचे ऐंशीवे तर मुळीच नाही.

फलाटावरील त्या गुरुजींनी मुलाला थांबविले नाही आणि थांबवूही नये. पण पुढच्या मंडईला तो येईल तेव्हा त्याच्या पिशवीत संगणक असला, तरी तो उघडलेला नसावा, एवढी अपेक्षा करण्याचा त्यांना अधिकार आहे. रोवणीत वाकलेली पाठ मंडईच्या दिवशी सरळ होते, तेव्हाच त्या कष्टाला अर्थ येतो. नाटकाचा पडदा वर जाईल, शेकोटीभोवती माणसे सरकून बसतील, नातू आजोबांच्या घोंगडीत शिरेल. त्या रात्री घरातील कुणाचीही जागा रिकामी नसावी.